इस्त्रीवरची चाल

घाबरू नका, मित्रांनो. नुसतं झाकण उघडतोय. मी कोणाला टोचत नाही, कोणाला कडू औषध पाजत नाही, आणि आजवर एकाही माणसाचा हात मी ठेवून घेतलेला नाही. तरीसुद्धा माझं झाकण ‘खट्’ करून उघडलं की भलीभली माणसं आवंढा गिळतात. रक्तदाब मोजणारा जुना पाऱ्याचा डबा तो मीच. लोक मला सरसकट ‘बीपीचा डबा’ म्हणतात. डबा काय डबा? माझ्यात काय पीठ भरून ठेवलंय? पण इतक्या वर्षांत त्या नावाचीही सवय झाली.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. करड्या रंगाची लोखंडी पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला उभी काचेची नळी, नळीच्या दोन्ही अंगांना आकडे आणि तळाशी चकचकीत पारा. दंडावर बांधायला कापडी पट्टा आणि हवा भरायला रबरी फुगा. सगळी जोडणी झाल्यावर एका जाड चष्म्याच्या तपासनीस आजींनी मला समोर घेतलं. त्यांनी फुगा दाबला. माझा पारा वर चढला, थांबला आणि हवा सोडल्यावर मुकाट्याने शून्यावर आला. आजी म्हणाल्या, “हा खोटं बोलणार नाही. पाठवा याला.” मित्रांनो, पुढे मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण ही पहिली मी अजून जिवापाड जपली आहे.

मला पाठवलं ते एका बस डेपोच्या दवाखान्यात. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. पुढच्या खोलीत टेबल, खुर्ची, तपासायची उंच खाट. मागच्या खोलीत पट्ट्यांचं कपाट आणि इस्त्रीचं टेबल. खिडकीतून समोर बस धुवायची जागा दिसायची. फिनेलचा वास आतून आणि डिझेलचा वास बाहेरून, असा आमचा संसार. डॉक्टरबाईंना चुरगळलेला कोट अजिबात खपायचा नाही, म्हणून सिस्टर मागच्या खोलीत एक इस्त्री कायम तयार ठेवायच्या. ही इस्त्री लक्षात ठेवा. पुढे तिने माझी लाज राखली.

माझं काम तसं सोपं. दंडाला पट्टा आवळला, हवा भरली की रक्ताची वाट घटकाभर अडते. मग हवा हळूहळू सोडायची. पारा उतरत उतरत एका आकड्याशी आला की रक्ताला वाट फुटते आणि कोपराच्या खळगीत ‘टक्, टक्, टक्’ सुरू होतं. बाई ते कानात नळ्या घालून ऐकायच्या. मला नळ्या कशाला हव्यात? प्रत्येक ठोक्याला माझा पारा जागच्या जागी उडी मारतो. आडदांड मेकॅनिकच्या काळजाचा ताल, तिकीट तपासनिसाचा ताल, झाडूवाल्या मावशींचा ताल, सगळे मी जवळून ओळखतो. गाण्यातलं मला कळतं असं मी म्हणतो ते उगाच नाही.

पण एक दुःख मला सुरुवातीपासून होतं. मला बघूनच माणसं घाबरायची, आणि घाबरली की त्यांचा दाब वाढायचा! म्हणजे मी मोजायला गेलो रक्तदाब आणि हाती लागली भीती. खोटं मी बोललो नाही कधी. पण माझं खरं बोलणंसुद्धा कुणाच्या तरी मुळावर यायचं. तसं ते भोंग्याच्या मुळावर आलं.

भोंग्या हा आमच्या डेपोचा ड्रायव्हर. खरं नाव काहीही असो, अख्खा डेपो त्याला भोंग्याच म्हणायचा, कारण स्टीअरिंग हातात आलं की हा गायला लागायचा. आवाज असा की हॉर्न वाजवायची गरजच पडू नये. सूर कधी लागायचा, कधी नुसताच मागे लागायचा, पण प्रवासी त्याच्या गाडीची वाट बघत थांबायचे. वळणावर ताण आला, कोणी आडवं आलं, की बाकीचे ड्रायव्हर शिव्या घालतात. भोंग्या एक तान घ्यायचा आणि गाडी वळवायचा. गाडी चालवताना इतका शांत माणूस अख्ख्या डेपोत दुसरा नव्हता.

आणि तोच माणूस दवाखान्याची पायरी चढला की पार गळून जायचा. तळहात ओले, कानशिलं लाल. दर वर्षीच्या तपासणीत माझा पारा त्याच्या दंडावर नको तेवढा वर राहायचा. एका वर्षी मर्यादेच्या बाहेरच गेला. बाईंनी थोड्या दिवसांनी पुन्हा बोलावलं, तरी तेच. नियम म्हणजे नियम. त्याच्या हातातून गाडी काढून घेतली आणि त्याला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. छत्र्या, पिशव्या, एकेकटे बूट आणि मधोमध आमचा भोंग्या. वरून निरोप आला की अजून एक संधी. त्यात दाब जागेवर आला नाही तर गाडी कायमची गेली.

आता इथे भोंग्याने जो घोळ घातला तो भोंग्याच घालू जाणे. कॅन्टीनमध्ये कोणीतरी त्याला सांगितलं की गाण्याने मन हलकं होतं, दाब उतरतो. झालं! हा गडी दुसऱ्याच दिवशी काखेत गाणी वाजवायचं मशीन मारून हजर. “बाई, आज खरी तपासणी नाही, नुसती चाचणी घ्या. बघाच गंमत,” म्हणाला. बाईंनी होकार दिला. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला. भोंग्याने बटण दाबलं आणि ढोलताशांचं काहीतरी दणदणीत सुरू झालं. आता अशा गाण्याला हा गप्प बसेल? पाय आपटायला लागला, मान हलवायला लागला आणि धरला त्याने वरचा सूर! खिडकीबाहेर चार-दोन ड्रायव्हर उभे होतेच, त्यांनी साथ धरली. एकाने तर बादली पालथी घालून ठेका लावला.

माझा पारा? विचारू नका. मला वाटलं नळीचं टोक फोडून बाहेर पडतोय. बाई ओरडत होत्या, “अहो, तोंड मिटा! बोलताना, गाताना मोजायचं नसतं!” पण ऐकतंय कोण? शेवटी सिस्टरनी मशीन बंद केलं. भोंग्याने हसत हसत नळीकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हसू तसंच ओठावर राहिलं होतं, ते पाहून मला फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून तो गायचा बंदच झाला. छत्र्यांच्या खोलीतून एक सूरसुद्धा ऐकू येईना. नवा ड्रायव्हर त्याची गाडी घेऊन आमच्या खिडकीसमोरून जायचा आणि भोंग्या मान फिरवायचा. डेपो कसा सुनासुना झाला. गाडी चालवणं हे त्याचं पोटापाण्याचं काम होतंच, पण त्याहून जास्त म्हणजे ते त्याचं गाणं होतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

बाई मात्र हट्टी. त्या सिस्टरना म्हणाल्या, “हा आजार आहे की आपल्या खोलीची भीती आहे, ते मला कळलं पाहिजे. आजार असेल तर औषध देऊ. तुम्ही त्याच्या गल्लीतच राहता ना? डबा त्याच्या घरी न्या आणि जाता-येता मोजा.” अशी माझी आयुष्यातली पहिली सहल निघाली. सिस्टरच्या पिशवीत डब्याशेजारी डबा, म्हणजे मी आणि त्यांचा जेवणाचा, असे आम्ही निघालो.

भोंग्याचं घर म्हणजे एक स्वयंपाकघर आणि एक बसायची खोली. सिस्टरनी मला टेबलावर ठेवलं तसा भोंग्या खुर्चीत ताठ झाला. मोजलं, दाब चढाच. सिस्टरनी पट्टा त्याच्या दंडावर सैल करून तसाच राहू दिला आणि आतल्या बाजूला वहिनींशी गप्पा सुरू केल्या. वहिनी म्हणजे भोंग्याची बायको. अंगाने किरकोळ, बोलायला तिखट, आणि हात कधी रिकामा नाही. त्या वेळी नवऱ्याचा गणवेश टेबलावर पसरून त्यावर इस्त्री फिरवत होत्या. गाडी नसली तरी गणवेशाला इस्त्री रोज व्हायचीच. “उद्या बोलावलं तर काय चुरगळलेला घालून जाणार?” असं त्यांचं म्हणणं.

थोड्या वेळाने सिस्टर गप्प झाल्या, त्यांनी चहा घेतला. आणि मग मला ते ऐकू आलं.

वहिनी गुणगुणत होत्या. शब्द नव्हते, गाणंही कोणतं ओळखीचं नव्हतं. इस्त्री पाठीवरून लांब जायची तेव्हा सूर लांब जायचा, परत यायची तेव्हा परत यायचा. बटणांपाशी इस्त्री हळू व्हायची, तशी चालही एकेका बटणाला वळसा घालून जायची. सूर थोडा खालीच लागलेला, पण किती निवांत! मी पट्ट्यातून भोंग्याच्या दंडाला चिकटून होतो, म्हणून मला कळलं. त्याचा श्वास त्या इस्त्रीबरोबर चालायला लागला होता. लांब आत, लांब बाहेर. खांदे सैल पडले, डोळे मिटले.

सिस्टर मोठ्या हुशार. त्यांनी आवाज न करता हवा भरली आणि सोडली. माझा पारा उतरला, अजून उतरला, आणि अगदी शहाण्यासारखा जिथे असायला हवा तिथे येऊन पहिला ठोका पडला. सिस्टरचे डोळे मोठे झाले. मी तर आनंदाने उडत होतो.

नंतर त्या पुन्हा पुन्हा आल्या. इस्त्री चालू असली की दाब जागेवर. इस्त्री नसली आणि माझं झाकण उघडलं की दाब वर. शेवटी त्यांनी न राहवून वहिनींना विचारलं, “तुम्ही गाता ते कुठलं हो गाणं?”

“मी? मी कुठे गाते?” वहिनींनी कानांवर हात ठेवले. “माझा गळा म्हणजे गळका नळ. या घरात गाणारे एकच, ते बघा, तोंड पाडून बसलेत.”

भोंग्या डोळे न उघडता म्हणाला, “गातेस गं. लग्न झाल्यापासून ऐकतोय.”

“मग इतक्या वर्षांत बोलला नाहीत ते?”

“बोललो असतो तर थांबली असतीस.”

वहिनी लाजल्या, चिडल्या आणि खरोखरच थांबल्या. “काहीतरीच तुमचं,” म्हणत त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. सिस्टरनी कपाळाला हात लावला.

शेवटच्या तपासणीचा दिवस उजाडला. नियमाप्रमाणे ती दवाखान्यातच, बाईंच्या समोर व्हायची होती. सिस्टरनी घरची हकिकत सांगितली तेव्हा बाई म्हणाल्या, “वहिनींना घेऊन या. मला त्याचा दाब मोजायचाय, त्याची भीती नाही.” वहिनी आल्या. पण त्या माझ्यासमोर स्टुलावर बसल्या आणि त्यांचंच धाबं दणाणलं. बाई मऊ आवाजात म्हणाल्या, “गुणगुणा ना थोडं.” वहिनींनी तोंड उघडलं, मिटलं, पदराने घाम पुसला. घाबरलेल्या माणसाला गा म्हणून कसं चालेल? भोंग्या बायकोकडे बघून जास्तच घाबरला. बाईंनी मोजलं आणि ओठ घट्ट मिटले. पारा वरच होता.

खिडकीबाहेर ड्रायव्हरांची गर्दी. सिस्टरनी आधी खिडकी लावून घेतली. मग खोलीत एक नजर फिरवली, मागच्या खोलीत गेल्या आणि चादरींचा ढीग, बाईंचा कोट आणि ती इस्त्री घेऊन आल्या. टेबल ओढून भिंतीला लावलं.

“वहिनी, नुसत्या बसून तुम्ही आम्हालाही घाबरवताय. एवढं जरा हातावेगळं करा बघू.”

वहिनींना काम दिसलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. त्या उठल्या, पाण्याचे थेंब शिंपडले आणि पहिली चादर पसरली. “बाई गं, काय हे चुरगळलंय! कोण धुतं तुमच्याकडे?” असं पुटपुटत इस्त्री फिरू लागली. एक चादर झाली. दुसरी झाली. खोलीत इस्त्रीचा घसघस आवाज तेवढा. बाई नळ्या गळ्यात अडकवून गप्प बसून राहिल्या. भोंग्याचे डोळे बायकोच्या हाताकडे. मी मनात म्हणत होतो, अहो वहिनी, कोट घ्या, कोट. कोटाला बटणं आहेत!

वहिनींनी कोट घेतला. पाठ केली, बाह्या केल्या. इस्त्री पहिल्या बटणापाशी आली, हळू झाली, वळली. आणि चाल सुरू झाली.

कोणी हललं नाही. कोणी श्वाससुद्धा मोठा घेतला नाही, फक्त भोंग्याने घेतला. लांब आत, लांब बाहेर. बाईंनी थोडा वेळ जाऊ दिला. मग हळूच फुगा दाबला. मी वर चढलो. हवा सुटू लागली. जिथे आधीचा ठोका पडला होता तो आकडा गेला, कोपरात शांतता. त्याच्या खालचा गेला, तरी शांतता. मर्यादेची रेघ जवळ आली, ती ओलांडली, आणि मित्रांनो, त्याच्याही खाली, अगदी आरामात, ‘टक्’ असा पहिला ठोका पडला! माझ्या सगळ्या आयुष्यात पारा उतरताना मला इतका आनंद कधी झाला नव्हता. तपासनीस आजी तिथे असत्या तर त्यांनी माझी दृष्ट काढली असती.

बाई पक्क्या. त्यांनी थांबून पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या दंडावर मोजलं. दर वेळी मी तेच सांगितलं, कारण तेच खरं होतं. तेव्हा कुठे त्यांनी पट्टा सोडला आणि म्हणाल्या, “घरी आणि इथे, दोन्हीकडे जुळलं. ड्रायव्हरसाहेब, गाडी तुमची. मीठ कमी खा, रोज चाला, आणि मधूनमधून येऊन दाखवत जा. गाणं म्हणजे औषध नाही, पण उगाचची भीती त्याने जाते, हे मी आज डोळ्यांनी पाहिलं.”

भोंग्याने ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून सरळ तान निघाली! इतक्या दिवसांची कोंडलेली, खिडकीची तावदानं हलवणारी. बाहेर ड्रायव्हरांनी ऐकली आणि एकच गलका झाला. कोणी बादली बडवली, कोणी धावत जाऊन उभ्या गाड्यांचे हॉर्न दाबले. वहिनी दचकून म्हणाल्या, “अहो, कोट जळेल ना माझा!” तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की काय झालंय, आणि त्या इस्त्री उभी ठेवून रडायला लागल्या. भोंग्याही रडत होता आणि गातही होता. त्या दिवशी संध्याकाळी त्याने गाडी डेपोबाहेर काढली तेव्हा धुवायच्या जागेपासून फाटकापर्यंत माणसं उभी होती. असा विजय मी कुणाचा पाहिला नाही.

त्यानंतर आमच्या दवाखान्यात एक रिवाजच पडला. मोजायच्या आधी घाबरट माणसाला व्हरांड्यातल्या बाकावर बसवायचं आणि सांगायचं, “तुमची स्वतःची काय चाल असेल ती गुणगुणा, मग थोडं गप्प बसा आणि मग आत या.” मेकॅनिक हलकी शीळ घालायचा. झाडूवाल्या मावशी लेकीला झोपवताना म्हणायच्या ते म्हणायच्या. हिशेबनिसाला काहीच येत नव्हतं, तो बोटांनी बाकावर ठेका धरायचा. भोंग्याने आपलं ते दणदणीत मशीनही दवाखान्याला देऊन टाकलं. सिस्टर त्यावर बासरी लावायच्या, तीही हळू. काहींचा पारा तरीही वर राहायचा. त्यांना बाई औषध द्यायच्या, पण त्यांचेही तळहात आता कोरडे असायचे. माझं झाकण उघडलं की लोक माझ्याकडे बघून हसायला लागले. डब्याला अजून काय हवं?

पुढे बटणाचं नवं यंत्र आलं आणि मी कपाटावर गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या काचेला कधी तडा गेला आणि पारा सांडला तर तो माणसांना बाधतो, म्हणून तो काळजीपूर्वक काढून न्यायला माणसं यायची होती. ते मला पटलं. माझ्यामुळे कुणाला इजा होणं मला चाललं नसतं.

त्या माणसांच्या येण्याच्या आदल्या दिवशी भोंग्या वहिनींना घेऊन आला. त्यांना अधूनमधून चक्कर येत होती. लेक शिकायला दूर जायची होती, त्या काळजीने झोप उडाली होती. नवं यंत्र आपणहून घुर्रर्र करत दंड आवळायला लागलं तशा त्या ओरडल्या, “नको बाई, माझा जुना डबाच काढा!” बाईंनी मला उतरवलं, पुसलं, नव्याशी ताडून पाहिलं. मी अजून बरोबर होतो. पट्टा वहिनींच्या दंडावर आला आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या काळजाचा ताल कळला. बिचारं धावत होतं नुसतं.

“तुमची चाल गुणगुणा,” बाई म्हणाल्या.

“मला नाही येत हो ती. मला कुठे ठाऊक आहे?” वहिनी रडकुंडीला आल्या.

तेव्हा भोंग्या पुढे आला. खाली बसला, बायकोचा दुसरा हात हातात घेतला. आणि ज्या माणसाने आयुष्यात हळू आवाजात काही म्हटलं नव्हतं, तो अगदी खाली, ओठांतल्या ओठांत गुणगुणू लागला. सूर लांब गेला, परत आला. एकेका बटणाला वळसा घालून गेला.

वहिनी ऐकत राहिल्या. हळूहळू त्यांचा श्वास लांब झाला. “किती छान आहे हो,” त्या म्हणाल्या. “कुठली चाल ही?”

“तुझीच,” भोंग्या म्हणाला.

बाईंनी थोडं थांबून फुगा दाबला, आणि माझा पारा शेवटचा वर चढला आणि शहाण्यासारखा उतरला. तो आकडा मी कुणाला सांगणार नाही, पण बाई हसल्या होत्या एवढं सांगतो.

आता माझ्यात पारा नाही. नळी रिकामी आहे आणि मी व्हरांड्यातल्या बाकाशेजारी फळीवर बसून लोकांची गुणगुण ऐकतो. मित्रांनो, तुमच्यापुढेही परीक्षा येतील, दवाखाने येतील, भीती वाटेल. तेव्हा दोन घटका बसा आणि स्वतःची चाल शोधा. आणि आज घरी गेलात की कान देऊन ऐका. काम करता करता कोणीतरी गुणगुणत असेल. त्या माणसाला स्वतःला ते ठाऊकही नसेल. ती चाल नीट पाठ करून ठेवा, कारण एक दिवस ती त्यांना परत द्यावी लागेल.